केसपेपर फुकट, गोळी विकत
(जिल्हा बैठकीतील भाषण)



मी डॉक्टर नाही. पराटी आणि जवारी पेरणारा कोरडवाहू कास्तकार आहे. दवाखान्याचा हिशोब मी खाटेजवळ बसून शिकलो.

गेल्या पोळ्याच्या आधी आईला सरकारी दवाखान्यात नेले. केसपेपरचे पैसे घेतले नाहीत, तपासणीचेही नाहीत. मग चिठ्ठी हातात आली, "हे इथे नाही, बाहेरून आणा." समोरच्या मेडिकलचे बिल झाले साडेअकराशे. पोळ्याच्या आधी कास्तकाराच्या घरात किती पैसा असतो, हे या सभेला सांगायला नको. कापूस अजून बोंडात, पीककर्ज खता-बियाण्यात गेलेले. कृषी केंद्रवाल्याकडून उसने घेतले आणि कापूस त्याच्याच काट्यावर घालायचे कबूल केले. भाव तो सांगेल तो. म्हणजे एकाच औषधाचे पैसे मी दोनदा भरले. दुसरे बिल कोणत्याच कागदावर नाही.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतली फी राज्य सरकारने १५ ऑगस्ट २०२३ पासून माफ केली. चांगले केले. पण वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये दुसऱ्या खात्याची, ती त्या निर्णयात आली नाहीत. फवारणीची विषबाधा झालेला माणूस अत्यवस्थ झाला की तिथेच न्यावा लागतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात वीसावर माणसे फवारणीने गेली, ती आपल्यातलीच होती.

आणि फी माफ केली म्हणून औषधाचे कपाट भरत नाही. ते सरकारी पैशाने भरते. सरकारचा आरोग्यावरचा खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के करू, असे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिले. सरकारच्याच हिशोबाने २०२१-२२ साली तो १.८४ टक्के होता. त्याच वर्षी देशात आरोग्यावर झालेल्या दर शंभर रुपयांतले एकोणचाळीस लोकांनी खिशातून दिले.

आपल्यातलेच काही म्हणतात, "पैसे घ्या, पण औषध द्या." त्यांनी वर्ध्याकडे पाहावे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयातून डॉ. उल्हास जाजू यांनी आसपासच्या गावांत योजना उभी केली. सुगीत घराघरातून जवारी गोळा व्हायची. भूमिहीनाची कमी, वावरवाल्याची एकराच्या हिशोबाने जास्त. गावातली बारा आणे घरे आली तरच गाव योजनेत. मग वर्षात अचानक दुखणे आले तर भरतीचा खर्च नाही. जवारीवर रुग्णालय चालत होते असे कोणी समजू नये. निम्मा खर्च केंद्र सरकारचा आणि चौथाई राज्य सरकारचा, असा तिथला हिशोब. जवारीने मागण्याची वेळ बदलली. आजाऱ्याच्या उशाशी न मागता खळ्यावर मागितले, आणि ज्याची रास मोठी त्याच्याकडून जास्त घेतले.

सरकार तर आपल्याकडून खळ्याच्याही आधी घेते. कीटकनाशकाच्या डब्यावर कर, डिझेलवर कर. मग चिठ्ठी कशाची?

प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते. तिच्या निधीचा हिशोब आणि केंद्रात नसलेल्या औषधांची यादी लेखी मागा. 'बाहेरून आणा' म्हणून मिळालेली चिठ्ठी आणि मेडिकलचे बिल फेकू नका. पुढच्या बैठकीला येताना दोन्ही घेऊन या. गावाप्रमाणे गठ्ठे बांधून ते जिल्हा परिषदेत नेऊ.