उसण आणि पायाळू
(दिंडीच्या मुक्कामी झालेले भाषण)

महाराजांनी पाचच मिनिटं दिलीत, तेव्हा थेट पाठीवर येतो.

आपल्या दिंडीत ऊसतोडीच्या मायबाया पुष्कळ. नवरा-बायको मिळून एक कोयता. 30-40 किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. दुखतंय म्हणून बसलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. मग दुखणं अंगावर काढायची सवयच लागते. वारीतही तेच. सांगितलं तर ट्रकात बसवतील, चाल मोडेल, या धास्तीनं बाई गप्प राहते.

रात्री उसण भरली की पायाळू शोधायचा, पाठीत लाथ घ्यायची. हसू नका, मीही पायाळूच आहे! पण साठी उलटलेल्या बाईचं हाड ठिसूळ झालेलं असतं. झटक्यानं मणका पिचतो. शेक द्या, हलक्या हातानं तेल लावा, पाय चेपा. मणक्याला हिसका नको. नवी उसण बहुधा थोड्या दिवसांत उतरते. नुसतं पडून राहू नये, सोसेल तेवढं चालावं. मात्र पायातला जोर गेला, बैठकीची जागा बधिर झाली, लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, तर सकाळची वाट बघू नका. 108 ला फोन करा, गाडी फुकट येते.

विणेकरीबुवा, एक मागणं आहे. दुखणाईत बाई एक टप्पा ट्रकात बसली, तर तिची वारी मोडली असं दिंडीत कुणी म्हणू नये. हे तुम्ही सांगितलंत तर ऐकतील, माझं नाही ऐकणार.

उद्या काकड्यानंतर मी टँकरपाशी बसतोय. बायकांना बघायला आमच्या सिस्टर आहेत. पैसे नाहीत.