कागद कुठल्या खात्याचा?

मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात सरकारी कागदपत्रांच्या विभागात काम करते. असा विभाग असतो हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. त्यात तुमचा दोष नाही. आमचा विभाग तळघरात आहे.

तिथे येणारा माणूस बहुधा म्हणतो, "इमिग्रेशनवर काहीतरी हवंय." मी उलट विचारते, "हे काम कुठल्या खात्याचं?" ज्यांनी सातबाऱ्यासाठी तलाठी आणि तहसील अशा फेऱ्या मारल्या आहेत, त्यांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. अमेरिकेत कायदा काँग्रेस करते, नियम खातं करतं आणि त्यावरून भांडण झालं की ते कोर्टात जातं. तिघांची दप्तरं वेगळी. आमची कपाटंही तशीच लावलेली असतात, विषयवार नव्हे तर खातेवार. शेतीखात्याचे कागद 'ए'खाली, काँग्रेसच्या समित्यांच्या सुनावण्या 'वाय ४'खाली. ॲडलेड हासे या ग्रंथपाल बाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत घडवली आणि ती अजून चालते. धरणांवर अभ्यास करणारा विद्यार्थी सुरुवातीला वैतागतो, कारण त्याचे कागद तीन-चार कपाटांत विखुरलेले असतात. पण त्या फेरफटक्यातच त्याला कळतं की अमेरिकेत धरणं लष्कराचे अभियंतेही बांधतात!

आपल्या घरांतलंच उदाहरण घेऊ. एच-४ व्हिसावरच्या, म्हणजे एच-१बी नोकरदारांच्या, काही जोडीदारांना नोकरीची परवानगी मिळते, ती कुठून आली? "ओबामांनी कायदा केला," असं उत्तर मी इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांतही ऐकलंय. तो कायदा काँग्रेसच्या संकेतस्थळावर शोधत बसलात तर जन्मभर सापडणार नाही, कारण तसा कायदा झालाच नाही. तो होमलँड सिक्युरिटी खात्याचा नियम आहे. म्हणून तो फेडरल रजिस्टरमध्ये, म्हणजे इथल्या रोजच्या राजपत्रात शोधायचा: २५ फेब्रुवारी २०१५, खंड ८०, पान १०२८४.

ते पान जरूर उघडा. खुद्द नियमाचा मजकूर थोडका आहे, खरा माल त्याआधीच्या लांबलचक निवेदनात आहे. मे २०१४मध्ये मसुदा छापून हरकती-सूचना मागवल्या, तेव्हा जवळजवळ १३,००० आल्या. खात्याने त्यांचे गट पाडून उत्तरं दिली आहेत: स्थानिकांच्या नोकऱ्या जातील म्हणणाऱ्यांना, आणि सगळ्याच एच-४ धारकांना परवानगी द्या म्हणणाऱ्यांनाही. पहिल्या वर्षी जास्तीत जास्त १,७९,६०० जण पात्र ठरतील हा अंदाज आणि त्यामागचा हिशेबही तिथेच आहे. सरकार आपल्या निर्णयाची कारणं इतक्या तपशिलात क्वचितच सांगतं, आणि ती वाचणारेही क्वचितच भेटतात. मूळ हरकती रेग्युलेशन्स डॉट गव्हवर बघता येतात. तिथे हरकत नोंदवायला नागरिकत्व लागत नाही, हे ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्यांनी ध्यानात ठेवावं.

पुढे या नियमाला आव्हान मिळालं. असा नियम करण्याचा अधिकार खात्याला आहे का, हा वाद होता. वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने ऑगस्ट २०२४मध्ये नियम कायम ठेवला. निकालपत्र फुकट मिळतं. दाव्यातले बाकीचे कागद पेसर या कोर्टांच्या संकेतस्थळावर पानाला १० सेंट पडतात. तिमाहीचं बिल ३० डॉलरच्या आत राहिलं तर माफ होतं. मात्र आधी कोर्टलिसनर हे संकेतस्थळ पाहा. दुसऱ्या कुणी पैसे भरून घेतलेले कागद तिथे बरेचदा मिळतात.

विषयच नवा असेल तर सुरुवात काँग्रेसच्या संशोधन सेवेच्या अहवालांपासून करा. खासदारांसाठी लिहिलेले हे अहवाल २०१८पासून सर्वांना अधिकृतपणे खुले आहेत, आणि भाषा सोपी असते. पक्षांच्या पत्रकांपेक्षा माझा भरवसा यांच्यावर जास्त.

सगळं ऑनलाइन आहे असं मात्र धरून चालू नका. जुन्या सुनावण्यांचे कितीतरी खंड अजून कागदावरच आहेत, आणि त्यासाठी देशभर हजाराहून अधिक डिपॉझिटरी ग्रंथालयं आहेत. सरकार त्यांना प्रकाशनं फुकट देतं, आणि त्या बदल्यात त्यांनी ती कुणालाही फुकट पाहू द्यावीत असा कायदा आहे. ग्रंथालय खाजगी विद्यापीठाचं असलं तरी हाच नियम. दारावर ओळखपत्र मागितलं तर "सरकारी प्रकाशनं पाहायची आहेत" एवढं सांगा. आणि सरकारी संकेतस्थळावरचं पान गायब झालं असेल, तर एंड ऑफ टर्म संग्रह पाहा. २००८पासून दर अध्यक्षीय कारकिर्दीच्या शेवटी सरकारी संकेतस्थळांच्या प्रती तिथे जपल्या जातात.

वॉशिंग्टनचं इतकं सगळं मिळतं, पण आपल्या गावच्या शाळा मंडळाने बसचा मार्ग का बदलला, याचा कागद शोधताना दमछाक होते. बैठकांची इतिवृत्तं कधी संकेतस्थळावर असतात, कधी टाउन क्लार्कच्या कपाटात, तर जुनी गावच्या ग्रंथालयातल्या स्थानिक इतिहासाच्या खोलीत. न मिळाल्यास राज्याच्या माहिती कायद्याखाली अर्ज करायचा. केंद्राचा १९६६चा कायदा इथे चालत नाही. अर्जात "या विषयावरची सगळी कागदपत्रं" असं लिहू नका, तो परत येण्याचीच शक्यता जास्त. कुठल्या समितीची, कुठल्या तारखेची बैठक आणि कुठला कागद, एवढंच लिहा.