द्राक्षमळ्यातली मजुरी

(उपवासकाळातील एका शनिवारी संध्याकाळी प्रसारित झालेले भाषण)

सध्या आम्हा ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ चालू आहे. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, मधले रविवार वगळून, चाळीस दिवस. या दिवसांत कोणाच्या घरी मटण-मासे बंद असतात, कोणी चहा सोडतो, कोणी एकवेळ जेवतो. संध्याकाळचे शास्त्रवाचन थोडे लांबते. आणि आमच्या नाशिक जिल्ह्यात नेमक्या याच दिवसांत द्राक्षांची काढणी ऐन भरात असते. दिंडोरी, निफाड, पिंपळगावच्या रस्त्यांवर क्रेट भरलेल्या गाड्यांची रांग लागलेली असते. तेव्हा आज मी द्राक्षमळ्याच्याच एका दाखल्याबद्दल बोलणार आहे. तो मत्तयाच्या शुभवर्तमानात विसाव्या अध्यायात आहे.

पण त्याआधी एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे. लोकांना देवाचे राज्य समजावून सांगताना प्रभू येशूने हाताशी काय घेतले, ते जरा आठवून पाहा. पिठात खमीर मिसळणारी बाई. हरवलेले एक नाणे सापडावे म्हणून दिवा लावून अंधाऱ्या घराचा कोपरा न् कोपरा झाडणारी दुसरी बाई. जुन्या अंगरख्याला लावलेले कोऱ्या कापडाचे ठिगळ, जे धुतल्यावर आटते आणि जुने कापडही फाडून ठेवते. मध्यरात्री दार वाजवून भाकरी मागणारा शेजारी, आणि आत एकाच खोलीत पोराबाळांसह आडवा झालेला घरधनी, जो उठला तर सगळे घर जागे होणार. ज्यांचे आयुष्य चाळीतल्या एका खोलीत गेले, त्यांना या दाखल्यावर वेगळे भाष्य लागत नाही.

येशूने शिकवायला सुरुवात केली तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता, असे लूक सांगतो. त्याआधीचे आयुष्य नासरेथातल्या सुताराच्या घरी गेले. त्या वर्षांबद्दल शुभवर्तमानांत जवळजवळ काही नाही. मला मात्र दाखले वाचताना वाटते की त्या वर्षांचा सगळा हिशेब तिथेच आहे. तो काय पाहत होता, कोणाकडे पाहत होता, हे त्याच्या गोष्टींतून कळते. स्वयंपाकघरातल्या बाईकडे त्याचे लक्ष होते. पेरणाऱ्याच्या मुठीतून वाटेवर सांडणारे दाणे त्याने पाहिले होते. आणि काम मागणारे मजूर सकाळी कुठे उभे राहतात, संध्याकाळपर्यंत त्यांच्यातले कोण उरते, हेही त्याला ठाऊक होते.

आता दाखल्याकडे येते. एक मळेवाला पहाटे बाजारात जातो आणि दिवसाला एक दिनार ठरवून मजूर आणतो. दिनार म्हणजे त्या काळची एका माणसाची एका दिवसाची मजुरी. नऊच्या सुमारास तो पुन्हा जातो, आणखी काही मजूर आणतो. दुपारी बाराला जातो, तीनला जातो. आणि सूर्य कलताना, पाचच्या सुमारास, पुन्हा एकदा बाजारात येतो तर तिथे अजून काही माणसे उभीच असतात. तुम्ही दिवसभर रिकामे का उभे, असे तो विचारतो. ती म्हणतात, आम्हाला कोणी कामाला लावलेच नाही. तो त्यांनाही मळ्यात पाठवतो. संध्याकाळी मजुरी वाटताना तो शेवटी आलेल्यांपासून सुरुवात करतो आणि त्यांना पुरा दिनार देतो. पहाटेपासून राबलेल्यांना वाटते, आपल्याला जास्त मिळणार. पण त्यांनाही ठरलेला दिनारच मिळतो, आणि ते कुरकुर करू लागतात.

मी पुष्कळ वर्षे शाळेत शिकवले, रविवारच्या शाळेतही शिकवले. या दाखल्यावर मुले हमखास भांडतात. हा अन्याय आहे, बाई, असे सरळ म्हणतात. मोठी माणसे बोलून दाखवत नाहीत, एवढेच. मला स्वतःला हा दाखला पुस्तकातून कधी नीट उमगला नाही. तो उमगला मजूर अड्ड्यावर.

आमच्या भागात द्राक्षबागेचे काम वर्षातून दोन छाटण्यांभोवती फिरते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. त्यानंतर विरळणी, घड औषधात बुडवण्याचे काम, मग काढणी. ही सगळी कामे वेळेची असतात. दोन दिवस मागे-पुढे झाले, वरून अवकाळी पाऊस आला, तर वर्षाचे पीक हातचे जाते. म्हणून पेठ, सुरगाणा, हरसूलकडून माणसे टोळ्याटोळ्यांनी कामाला येतात. सकाळी ठरावीक चौकांत, रस्त्याच्या कडेला ती उभी असतात. बरोबर भाकरीचे गाठोडे, पाण्याची बाटली, कडेवर मूल. बागायतदाराची पिकअप येते, मुकादम खाली उतरतो, भाव ठरतो, गाडी भरते आणि निघून जाते.

शाळेत जायच्या माझ्या वाटेवरच असा एक अड्डा होता. सकाळी कोण उचलले जाते, हे रोज दिसायचे. आधी तरणीताठी पोरे. मग जोडपी, कारण दोघे मिळून उक्ते काम घेतात. मग सवयीचा हात असलेल्या बाया. आणि सगळ्यात शेवटी उरायचा एखादा म्हातारा, तान्हे मूल असलेली बाई, पाय ओढत चालणारा कोणी. दुपारी शाळा सुटल्यावर परत यायची तेव्हा त्यांच्यातले काही जण झाडाखाली अजून बसलेले असायचे. आता आज कोणी येणार नाही हे त्यांनाही कळलेले असायचे. तरी घरी रिकाम्या हाताने जायचे कसे, म्हणून बसून राहायचे.

पाच वाजता बाजारात उभी असलेली माणसे आळशी होती, असे प्रभू येशू कुठेही म्हणत नाही. त्यांना कोणी घेतले नव्हते. ज्याला पहाटे काम मिळाले त्याने उन्हात अंग मोडले हे खरे, पण संध्याकाळी घरात चूल पेटणार हे त्याला सकाळीच कळले होते. ज्याला कोणी घेतले नाही त्याने सारा दिवस त्याच काळजीत काढला. त्याच्या घरची पोरेही तेवढीच भुकेली होती. दिनार ही एका कुटुंबाची एका दिवसाची भाकरी. तासांचा हिशेब करून मालकाने त्याला दिनाराचा लहानसा तुकडा दिला असता, तर हिशेब बरोबर ठरला असता आणि त्या रात्री त्याची मुले उपाशी झोपली असती.

मालकाने कुणाचे काही बुडवले नाही. पहाटेच्या मजुरांना ठरल्याप्रमाणे पुरती मजुरी मिळाली. त्यांना बोचले ते दुसऱ्याच्या हातातले नाणे. मला वाटते, आम्ही जन्माने ख्रिस्ती असलेले, पिढ्यान् पिढ्या मंडळीत असलेले लोक त्या पहाटेच्या मजुरांच्या जागी उभे आहोत. नवीन कोणी मंडळीत आले आणि त्याला पुढची खुर्ची मिळाली तर आम्हाला खुपते. आयुष्यभर वाट चुकलेला माणूस शेवटच्या आजारपणात देवाकडे वळला तर पाळकसाहेबांनी त्याच्यासाठी एवढी धावपळ का करावी, असे वाटते. देवाची कृपा आमच्या वाट्याला पुरती आलेली असते, आणि तरी आम्ही शेजाऱ्याचे माप मोजत बसतो.

ख्रिस्ती जीवनाचे धडे असे वाटेवर आणि घरातच मिळतात, हे आमच्याच मातीतल्या एका बाईने फार मोकळेपणी लिहून ठेवले आहे. लक्ष्मीबाई टिळक या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यांच्या वडिलांचे सोवळे विलक्षण कडक, बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात यायचा नाही. पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचे सारे जग उलटेपालटे झाले. पुढे त्या पतीजवळ राहायला आल्या, पण आपला स्वयंपाक आणि आपले पाणी वेगळे ठेवूनच. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचताना एक गोष्ट ठळक दिसते. त्यांच्या मनातला जातीचा विटाळ बाप्तिस्म्याच्या आधीच गेला होता. तो कोणाच्या प्रवचनाने गेला नाही. रोजच्या जेवणाच्या, पाण्याच्या, आजारपणाच्या प्रसंगांतून विचार करत करत गेला. दुसऱ्याच्या हातचे पाणी प्यायचे की नाही, हा प्रश्न त्यांनी स्वयंपाकघरातच सोडवला आणि मग श्रद्धेकडे वळल्या. मला तो क्रम फार मोलाचा वाटतो.

कारण आमच्यात पुष्कळदा उलटे घडते. बाप्तिस्मा होऊन तीन-चार पिढ्या लोटतात आणि तरी मुलामुलीचे लग्न ठरवताना हळूच विचारले जाते, ते मूळचे कोण? हे मी परक्यांबद्दल सांगत नाही, आमच्या मंडळ्यांबद्दल सांगते आहे. आणखी एक गोष्ट सांगते, ती ऐकायला कडू लागेल. काही ख्रिस्ती घरांतही कामाला येणाऱ्या बाईंचा कप वेगळा असतो, ओट्याच्या कडेला किंवा खिडकीत पालथा घातलेला. रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी एका भाकरीचे आणि एका प्याल्याचे भागीदार होणाऱ्यांच्या घरात सोमवारी दोन प्रकारचे कप कसे असू शकतात? मला याचे उत्तर पाहिजे आहे, आणि ते मला पाळकांकडून नको, घराघरांतून पाहिजे आहे. तो कप उचलून बाकीच्या कपांत ठेवायला धर्मशास्त्राचा अभ्यास लागत नाही.

पंडिता रमाबाईंनीही शास्त्र आणि चूल वेगळी ठेवली नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपासमारीतून मुली आणि स्त्रिया वाचवून आणल्या. पुण्याजवळ केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. तिथे विहिरी खणल्या, शेती केली, माग चालवले, छापखाना घातला. आणि तिथेच बसून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक भाषांमधून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करत राहिल्या, साध्या बायकांना वाचता यावे म्हणून. १९२२ साली त्या गेल्या, तोवर ते काम त्यांनी पुरे केले होते, आणि ते बायबल छापले मुक्तीतल्याच स्त्रियांनी. एकीकडे इतकी विद्वत्ता, आणि दुसरीकडे शेकडो ताटांची रोजची व्यवस्था. यातले एक अध्यात्म आणि दुसरे व्यवहार, असे रमाबाईंना वाटले असेल, हे मला पटत नाही.

मजुरीबद्दल आणखी थोडे. जुन्या करारातले अनुवाद नावाचे पुस्तक गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्यावी असे बजावते, मग तो मजूर आपल्यातला असो की परका. त्याचा जीव त्या पैशांत अडकलेला असतो, असे कारणही तिथे दिले आहे. त्याच पुस्तकात विश्रांतीची आज्ञा आहे, आणि ती फक्त घरमालकासाठी नाही. घरातल्या दास-दासीला, परक्याला, बैलाला, गाढवालासुद्धा त्या दिवशी विसावा द्यायचा आहे. नव्या करारात याकोबाच्या पत्रात तर धनवानांना खडसावले आहे की तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती देवाच्या कानी गेली आहे. इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितलेली गोष्ट आम्ही उपवासाच्या दिवसांत किती वेळा वाचतो? मटण सोडणे सोपे आहे, त्याची सगळ्यांना माहितीही होते. महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार हातात ठेवणे, आजारपणाचे दिवस कापून न घेणे, आठवड्याची सुट्टी न मागता देणे, हे कोणाला दिसत नाही. मला वाटते, या चाळीस दिवसांचा खरा उपवास तिथे आहे.

एक शंका मला माझ्या विद्यार्थ्यांनीच विचारली होती. बाई, त्या मळेवाल्यासारखे सगळे वागू लागले तर दुसऱ्या दिवशी पहाटे कामाला कोण येईल? प्रश्न प्रामाणिक आहे. दाखला काही मजुरीचे दरपत्रक नाही. देव कसा आहे, ते सांगणारी ती गोष्ट आहे. पण ज्या देवाला आपण पिता म्हणतो तो असा असेल, तर त्याच्या मुलांच्या व्यवहारात त्याचा थोडा तरी अंश उतरायला हवा. सगळ्या जगाची मजुरी ठरवणे तुमच्या-माझ्या हातात नाही. आपल्या घरी धुणेभांडी करणाऱ्या ताई, सोसायटीचा रखवालदार, शेतावर येणारी टोळी, दुकानातला पोरगा, एवढी माणसे मात्र आपल्या हातात आहेत. त्यांच्याशी वागताना आपला विश्वास त्यांना दिसतो, किंवा दिसत नाही.

श्रोतेहो, उद्या रविवार. सकाळी आपण उपासनेला जाऊ, दानाच्या थैलीत आपले दान टाकू. त्याआधी आज रात्री एवढे करा. आपल्याकडे कोणाची मजुरी, कोणाचा पगार, कोणाची उधारी थकली असेल तर ती आठवून पाहा, आणि झोपण्यापूर्वी त्या माणसापर्यंत पोहोचती करा.