कॉलेज निवडताना

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेलं भाषण. छापण्यासाठी थोडं आवरून घेतलं आहे.)



पंचवीस वर्षं मी मुलांसमोर उभा राहून बोलतो आहे. पण समोर गणिताचे सर बसलेले असले की हात अजून आपोआप पाठीमागे जातात. सर, आज सूत्र विचारू नका.

हा विषय मी निवडलेला नाही. मे महिन्यात दहावी-बारावीचे निकाल लागले तेव्हापासून आपल्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरत होता. ‘पोराला ८८ टक्के पडलेत, कुठं घालू?’ मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो आणि दर जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलावर बसतो, म्हणून सगळे मला विचारतात. हा ‘घालू’ शब्द मला नेहमी अडतो. पोरगं काय लोणच्यातला आंबा आहे? पण आपणही असेच घातले गेलो होतो, म्हणून माझंच आधी सांगतो.

दहावीला मला ८१ टक्के पडले. तेव्हा आपल्या गावात ८१ टक्के म्हणजे पेढे वाटायची गोष्ट होती. वडिलांनी कुणाला तरी विचारलं, त्यानं पुण्यातल्या एका मोठ्या कॉलेजचं नाव सांगितलं, आणि ट्रंक घेऊन मी एसटीत बसलो. तिथे वर्गात किती मुलं असतात, कसं शिकवतात, आपल्यासारखी मुलं तिथे टिकतात का, यातलं काही आम्ही विचारलं नाही. नाव मोठं होतं, तेवढं पुरे वाटलं.

वर्गात १२० मुलं. पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर काटकोन त्रिकोण काढला आणि ते ‘हायपोटेन्यूज’ म्हणाले. पायथागोरसचं प्रमेय मला झोपेतून उठवलं तरी सिद्ध करता येत होतं, ते या सरांनी करून घेतलेलं होतं. पण हायपोटेन्यूज म्हणजे आपला कर्ण, हे कळायला मला दोन दिवस लागले. त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन, संवेग म्हणजे मोमेंटम, जडत्व म्हणजे इनर्शिया. मला सगळं येत होतं, पण समोर आलेलं ओळखू येत नव्हतं. शेजारच्याला विचारायची लाज वाटली. मागच्या बाकावर बसायला लागलो. दोन वर्षांत मी वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. तेव्हा सीईटी नव्हती, बारावीच्या फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सच्या मार्कांवर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळायचा. माझे मार्क कमी पडले. घरी सांगितलं, पेपर अवघड होते. आज पस्तीस वर्षांनी सरांसमोर सांगतो, पेपर अवघड नव्हते.

मग बीएस्सीला पुण्यातच, पण एका लहान कॉलेजात गेलो. वर्गात चाळीसेक मुलं. तिथल्या फिजिक्सच्या बाईंनी महिन्याभरात मला बाजूला घेऊन विचारलं, “मराठी माध्यमातला का रे तू?” आणि एक वही करायला लावली. डाव्या पानावर मराठी शब्द, उजव्या पानावर इंग्रजी. ती वही माझ्याकडे अजून आहे. त्या कॉलेजचं नाव सांगितलं तर तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ते ऐकलेलंही नसेल.

म्हणून ‘कोणतं कॉलेज चांगलं’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, तुमच्या मुलाला तिथे नावानं ओळखणारं कुणी असेल का? कटऑफवरून एवढंच कळतं की गेल्या वर्षी तिथे किती मार्कांच्या मुलांनी गर्दी केली. आत गेल्यावर काय मिळतं हे त्यात नसतं.

ते कळायला तिथे जावं लागतं. आपण म्हैस घेताना बाजाराला तीन चकरा मारतो, दूध काढून बघतो. कॉलेज मात्र माहितीपत्रकातल्या फोटोवर घेतो. प्रवेशाच्या दिवसांत जाऊ नका, तेव्हा रांगोळी काढलेली असते. साध्या मंगळवारी-बुधवारी मुलाला घेऊन जा. ग्रंथालयात दोन-चार पुस्तकं काढून तारखांचे शिक्के असलेलं पान बघा. जिथे अजून शिक्के मारतात तिथे शेवटचा शिक्का आठ वर्षांपूर्वीचा असेल तर काय ते समजा. प्रयोगशाळेत डोकावा. कँटीनमध्ये मुलांना चहा पाजा आणि विचारा, ‘शेवटचं प्रॅक्टिकल कधी झालं?’ कोणत्याही समितीच्या अहवालापेक्षा हा चहा स्वस्त पडतो. समितीचे अहवालही बघा, म्हणजे नॅकची श्रेणी, इंजिनिअरिंगला त्या त्या शाखेचं एनबीए. पण नॅकची श्रेणी अख्ख्या कॉलेजची असते आणि तुमचं पोरगं एका विभागात शिकणार असतं.

प्रॅक्टिकलवर मी अडून बसतो, कारण हल्ली एक वाईट प्रकार बघतो. अकरावी-बारावीला नाव एका कॉलेजात आणि मूल दिवसभर क्लासमध्ये. त्याला गोड नाव आहे, इंटिग्रेटेड. बारावीच्या फिजिक्सला लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३० मार्क असतात. ते ३० मार्क या मुलांना मिळतात, आणि मग ती पहिल्या वर्षाला माझ्याकडे येतात तेव्हा काहींनी व्हर्निअर कॅलिपर कधी हातातही धरलेलं नसतं. मुलाला चोरी करायला आपणच पैसे भरून शिकवतो, असं मला वाटतं. कुणाला राग आला तर येऊ दे.

‘शंभर टक्के प्लेसमेंट’चा फलक दिसला तर तीन प्रश्न विचारा. या शाखेची किती मुलं पास झाली, त्यातली किती मुलाखतींना बसली, आणि मधला पगार किती? फोटो असतो तो सर्वात मोठ्या पगाराच्या मुलाचा. सगळ्यांचे पगार ओळीनं मांडले तर मधोमध कोणता येतो ते बघायचं. जी कॉलेजं एनआयआरएफमध्ये भाग घेतात त्यांना हा मधला आकडा द्यावा लागतो, त्यांच्या वेबसाइटवर सापडतो. फीसुद्धा कुणाच्या तोंडी ऐकू नका. खासगी व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती जाहीर असते.

अर्जाबद्दल थोडंच सांगतो. २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या महाराष्ट्रात ऑनलाइन झाला. दहा कॉलेजं भरता येतात, पण पहिल्या पसंतीचं लागलं तर ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिल्या नंबरावर शेजाऱ्याच्या मुलानं भरलेलं कॉलेज भरू नका. आणि अर्जात मोबाइल नंबर स्वतःचा द्या. नेट कॅफेवाल्यानं स्वतःचा नंबर टाकला, ओटीपी त्याच्याकडे गेला आणि कॅफे बंद, अशी रडत आलेली मुलं मी टेबलावर पाहिली आहेत.

आत गेल्यावर काय करायचं? माझ्या वर्गात साठ मुलं असतील तर तास संपल्यावर चार-पाच जण स्टाफरूमकडे येतात. ती सर्वात हुशार असतात असं नाही. पण तीन वर्षांनी कुठे जागा निघाली, कुणाला प्रकल्पासाठी मूल हवं असलं, कुणी शिफारसपत्र मागितलं, की मला तीच आठवतात. हा अन्याय आहे हे मला कळतं, म्हणून मीही आता मागच्या बाकाकडे मुद्दाम जातो. पण सगळेच मास्तर जातील याची खात्री नाही, तेव्हा मुलांना सांगा, पहिल्या महिन्यातच एखाद्या सरांना जाऊन शंका विचार, बावळट का असेना. दुसरं, अभ्यासाबाहेर काहीतरी एक धरायला लावा. मी बीएस्सीला ‘कमवा आणि शिका’मध्ये ग्रंथालयात काम केलं, पुस्तकांना लेबलं चिकटवायचं. मेसचा थोडा खर्च निघायचा. पण लेबल चिकटवता चिकटवता पुस्तकं चाळली गेली, आणि ग्रंथपालांशी बोलून माझं तोंड उघडलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते याच तत्त्वावर, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

आता ज्या भागासाठी रात्री झोप लागली नाही, तो.

आपल्या वर्गात पहिली कोण आली होती, तुम्हाला आठवतंय. नाव घेणार नाही असं तिला कबूल केलं आहे, पण तुम्ही सगळे आत्ता तिकडेच वळून बघताय. ती तालुक्याच्या कॉलेजात गेली. तिथल्या केमिस्ट्रीच्या सरांनी तिला शनिवारी दुपारी प्रयोगशाळा उघडून दिली. पुढे एसटीचा पास काढून साताऱ्याला बीएस्सी, मग बीएड, आणि आज ती एका हायस्कूलची मुख्याध्यापिका आहे. माझ्या भाषणाला याहून चांगलं उदाहरण कुठलं? मी मोठ्या नावाच्या कॉलेजात बुडालो, ती जवळच्या लहान कॉलेजात तरली. मी तसं लिहूनही आणलं होतं.

काल रात्री जेवणानंतर तिला ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, “हे सांगू नकोस.”

मी विचारलं, “का गं? खोटं आहे का?”

“खोटं नाही. पण मी काही निवडलं नव्हतं. फॉर्म दादानं आणला, सही अण्णांनी केली. मला पॉलिटेक्निकला जायचं होतं. तो फॉर्म माझ्या दप्तरात तसाच राहिला, कारण मुलगी होस्टेलला ठेवायची नाही. कॉलेज चांगलं निघालं हे माझं नशीब. नसतं निघालं, तर तू माझं नाव भाषणात घेतलं असतंस का?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन पानं तिथेच फाडली. तिचं म्हणणं मात्र सांगायची परवानगी मागून घेतली.

आपल्या काळी निदान पैशाचं कारण खरं होतं. आता तेही पुष्कळ कमी झालं आहे. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी सरकार पूर्ण भरतं. मात्र प्रवेश सरकारी केंद्रीय फेरीतून झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर मिळत नाही. हे माहीत नसल्यानं लोक घाईत कोट्यातून प्रवेश घेतात आणि मग आमच्याकडे येऊन बसतात. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना वेगळी शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. अर्ज महाडीबीटीवर. आणि उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जात पडताळणी ही कामं मूल अकरावीत असतानाच सुरू करा. जूनमध्ये तहसील कचेरीत काय गर्दी असते ते इथल्या दोघा-तिघांना चांगलं ठाऊक आहे, ते तिथेच नोकरीला आहेत.

गेल्या मे महिन्यात आपल्यातल्या एकानं ग्रुपवर लिहिलं होतं, ‘मुलगी आहे, जवळचंच बघतोय.’ मुलीला ९२ टक्के होते. त्यावर मी काय उत्तर दिलं? अंगठ्याचं चित्र पाठवलं. पंचवीस वर्षं प्रवेशाच्या टेबलावर बसणाऱ्या माणसानं अंगठा पाठवला, आणि पुढच्या मेसेजमध्ये काल कोण मटण आणणार ते विचारलं. काल रात्री मोबाइल काढून मी ते परत वाचलं.

तो मित्र इथे बसला आहे, त्याला विचारूनच हे सांगतो आहे. त्याची मुलगी आता अकरावीत आहे आणि तीही मेळाव्याला आली आहे. आज सकाळी चहाच्या वेळी मी तिला विचारलं, बारावीनंतर तुला काय करायचंय? तिनं सांगितलं, चांगलं सविस्तर सांगितलं, कॉलेजच्या नावासकट. ते मी इथे बोलणार नाही. जेवण झाल्यावर ती स्वतः वडिलांना सांगणार आहे, आणि त्या वेळी आपल्या मुख्याध्यापिका बाई शेजारी बसणार आहेत.

वाढपी मंडळी मघापासून खुणावताहेत. थांबतो.