प्रतिजैविके : सर्वांची सामाईक ठेव



सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांना वैद्यकीय सेवेची मोठी परंपरा लाभली आहे. मिरजेत १८९४ मध्ये डॉ. विल्यम वान्लेस यांनी रुग्णालय सुरू केले आणि दूरदूरच्या रुग्णांची पावले मिरजेकडे वळली. १९६२ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. पुढे कराडमध्येही कृष्णा रुग्णालयासारखी मोठी संस्था आकारास आली. मिरज, सांगली, कराड वा सातारा येथे उपचार घेऊन कोणी बरे होऊन परतले नाही, असे घर या भागात विरळाच.

डॉ. वान्लेस यांच्या काळात प्रतिजैविके, म्हणजे आज ज्यांना सर्रास अँटिबायोटिक म्हटले जाते ती औषधे, नव्हती. हत्यारे उकळणे, हात स्वच्छ ठेवणे आणि जखम जपणे, एवढाच शल्यविशारदाचा आधार होता. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागला. महाराष्ट्रात पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलिन देशातच तयार होऊ लागले. न्यूमोनिया, बाळंतरोग, चिघळलेली जखम यांनी जाणारे असंख्य जीव वाचू लागले.

मात्र १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना फ्लेमिंग यांनीच एक इशारा दिला होता. औषध अपुऱ्या प्रमाणात घेतले, तर जंतू मरत नाहीत. उलट त्या औषधाला तोंड देण्यास शिकतात. तो इशारा अक्षरशः खरा ठरला.

हे जंतू कोठून परके येत नाहीत. ई. कोलाय हा जीवाणू प्रत्येक माणसाच्या आतड्यात निरुपद्रवीपणे राहतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा अनेकांच्या नाकात व त्वचेवर असतो. क्लेबसिएलाही पोटात आढळतो. माणूस धडधाकट असेपर्यंत त्यांचा सहसा उपद्रव होत नाही. तोच माणूस रुग्णालयात दाखल झाला, लघवीसाठी नळी बसवली, शिरेत सुई राहिली किंवा पोटावर शस्त्रक्रिया झाली, की याच सामान्य जंतूंना आत शिरण्यास वाट मिळते. अशा वेळी औषध लागू पडले, तर रुग्ण काही दिवसांत घरी येतो. न पडले, तर अतिदक्षता विभागातील मुक्काम लांबतो, महागडी इंजेक्शने सुरू होतात, कुटुंब कर्जात बुडते आणि कधी सर्व प्रयत्न करूनही माणूस हाती लागत नाही.

प्रतिकारशक्ती जंतूंमध्ये येते, रुग्णाच्या शरीरात नव्हे, हे ध्यानात घेतले पाहिजे. काही जंतू औषधाचे रेणू तोडणारे विकर तयार करतात, तर काही आत आलेले औषध बाहेर फेकून देतात. शिवाय ही विद्या एका जातीचा जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो. भारतात उपचार घेतलेल्या एका रुग्णाच्या शरीरातील क्लेबसिएलामध्ये २००८ साली स्वीडनमध्ये असे एक विकर सापडले. त्याला एनडीएम-१ हे नाव मिळाले. कार्बापेनेम या राखीव औषधांनाही ते निष्प्रभ करते. २०१० पर्यंत मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातही ते आढळल्याचे प्रसिद्ध झाले. मूत्रपिंडाला अपाय करते म्हणून बाजूला ठेवलेले कोलिस्टिन हे जुने औषध डॉक्टरांना पुन्हा बाहेर काढावे लागले. जगभरात २०१९ या एका वर्षात अशा दाद न देणाऱ्या जंतूंमुळे थेट सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा जागतिक अभ्यासाचा अंदाज आहे.

याचे मूळ केवळ रुग्णालयात नाही. सर्दी व फ्लू विषाणूंमुळे होतात. त्यांवर प्रतिजैविके मुळीच चालत नाहीत. तरीही औषधांच्या दुकानातून दोन दिवसांच्या गोळ्या मागून घेतल्या जातात. मागच्या आजारातील उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला दिल्या जातात. आटपाडी व माण भागातील डाळिंब बागायतदारांना तेल्या रोग परिचित आहे. त्यावर स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन यांचे मिश्रण फवारण्याची पद्धत अनेक वर्षे रूढ होती. ही दोन्ही माणसांचीच औषधे. कुक्कुटपालनात कोलिस्टिन वापरले जाई, म्हणून केंद्र सरकारने २०१९ मध्ये त्यावर बंदी घातली.

कायदाही आहे. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या एच-१ अनुसूचीनुसार त्यातील प्रतिजैविके डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत आणि विक्रीची नोंद दुकानदाराला तीन वर्षे जपावी लागते. पण गिऱ्हाईकच चिठ्ठीशिवाय अडून बसले, तर कायदा कागदावर राहतो.

म्हणून काही नियम प्रत्येक घराने पाळावेत. डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याशिवाय प्रतिजैविक घेऊ नये. सांगितले तितकेच दिवस, सांगितल्या वेळीच घ्यावे. मनाने कमी वा जास्त करू नये. डॉक्टरांनी गोळी लिहिली नाही, तर त्यांना आग्रह करू नये. रुग्ण दाखल असेल, तर रक्त वा लघवीची कल्चर तपासणी झाली का, हे नम्रपणे विचारावे. कोणते औषध लागू पडेल, हे त्या तपासणीतून कळते. अहवालाला दोन-तीन दिवस लागतात. मात्र गंभीर जंतुसंसर्गात तोवर न थांबता डॉक्टर औषध सुरू करतात आणि तेथे शंका काढून विलंब करणे घातक ठरते.

आणखी एक गोष्ट समाजाच्या रीतिरिवाजाशी निगडित आहे. कोणी आजारी पडले, की भेटीला जाणाऱ्यांची रीघ लागते. त्यामागे आपुलकी असते. परंतु एका खाटेवरचा जंतू दुसऱ्या खाटेवर पोहोचतो तो बहुधा हातांवरूनच. एका वेळी एकाने जावे, आत जाताना व बाहेर पडताना हात धुवावेत, खाटेवर बसू नये, लहान मुलांना नेऊ नये. लांबून केलेली विचारपूसही रुग्णापर्यंत पोहोचते.

प्रतिजैविके ही कोणा एकाची मालमत्ता नव्हे. ती सर्वांची सामाईक ठेव आहे. एकाने ती विनाकारण उधळली, तर तिची भरपाई मिरजेच्या वा कराडच्या खाटेवरील अनोळखी रुग्णाला करावी लागते. उद्या त्या खाटेवर आपल्याच घरातील माणूस असू शकेल. ती ठेव पुढच्या पिढीच्या हाती शाबूत सोपवणे, हे प्रत्येक घराचे कर्तव्य आहे.