पेशीचा दरवाजा आणि मीठ-साखरेचे पाणी





शिरूर काय किंवा दौंड काय, कांदा आपल्या घरात बारमाही असतो. चिरलेल्या कांद्याला मीठ लावून ठेवा. थोड्या वेळाने ताटलीत पाणी सुटलेले दिसेल. हे पाणी कांद्याच्या पेशींतले. प्रत्येक पेशीभोवती पातळ पटल असते. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे सव्वा लाखाव्या भागाइतकी. त्यातून पाणी ये-जा करते आणि जिकडे मीठ वा साखर दाट, तिकडे ओढले जाते. यालाच परासरण म्हणतात. मीठ-साखरेला मात्र तशी मोकळीक नाही. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांचे ठराविक दरवाजे आहेत.

आपल्या लहान आतड्यातील पेशींवरचा एक दरवाजा मोठा चमत्कारिक आहे. मिठातील सोडियम व ग्लुकोज जोडीने आले तरच तो त्यांना आत घेतो, आणि त्यांच्यामागून पाणी आत जाते. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० साली हे मांडले. पटकीच्या विषाने आतड्यातून पाणी वाहू लागते, पण हा दरवाजा शाबूत राहतो.

१९७१ साली बंगालमध्ये बनगाव येथे बांगलादेशी निर्वासितांत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाईन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा घातलेले पाणी पिंपांतून पाजले. मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते, ते ४ च्या खाली आले.

आपल्याकडे अजूनही कुणी वडीलधारे सांगतात, "जुलाब होताहेत, पोराचे पाणी तोडा." आदर राखून सांगतो, हे ऐकू नका. दुकानातील क्षार-संजीवनीची पुडी उत्तम. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती पूर्ण घाला. पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घाला. ही साखर पोटात फुटून ग्लुकोज होते. गोड लागावे म्हणून ती वाढवू नका. शोषली न गेलेली साखर पाणी उलट आतड्यात ओढते. जादा मीठही घातक. अंगावरचे दूध व जेवण चालू ठेवा.

मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, शौचात रक्त दिसले किंवा पाणी पिईनासे झाले, तर रात्र उजाडण्याची वाट पाहू नका. शिरूरला न्या की दौंडला, जो दवाखाना जवळ असेल तो गाठा. आणि मूल गिळत असेल तर वाटेतही चमच्याचमच्याने पाणी पाजत राहा.