सफ आणि झाडू

 

शिबिराच्या पत्रिकेत विषय छापलाय, 'मुसलमानांचा धर्म आणि सार्वजनिक जीवन'. एवढ्या मोठ्या विषयावर मौलाना बोलतात, प्राध्यापक बोलतात. मी मेहतर. बाप झाडूवाला, आजा डोक्यावरून मैला वाहायचा आणि पाच वक्तचा नमाजी होता. तेव्हा मी झाडूच्या बाजूने बोलणार. मौलानांची बाजू ऐकायची असेल तर कुठल्याही जलशात मिळते.

मुसलमान मेहतर? तुमच्यातल्या काहींच्या तोंडावर हा प्रश्न आत्ताच दिसला. असतात ना भाऊ. मेहतर, हलालखोर, भिस्ती, फकीर, शिकलगार, पिंजारी, छप्परबंद. 'हलालखोर' हा शब्दच बघा. हलालाची, म्हणजे कष्टाची रोटी खाणारा. हे नाव अकबर बादशहानं दिलं असं सांगतात. नाव गोड, झाडू तोच. तुम्हांलाही कुणीतरी असंच एक गोड नाव दिलं होतं, देवाची लेकरं म्हणून. ते तुम्ही भिरकावून दिलंत. आमचं अजून चालू आहे.

आधी नमाजीचं सांगतो, कारण तुमच्यापैकी पुष्कळांनी ती बाहेरूनच पाहिली असेल. हौदावर वजू करायचा, हात, तोंड, पाय धुवायचे. सगळ्यांना तोच हौद, तेच पाणी. ज्यांनी १९२७ चं महाड वाचलंय त्यांना या पाण्याची किंमत मी सांगायला नको. मग सफ, म्हणजे रांग. जो आधी आला तो पुढे. सय्यदाच्या खांद्याला मेहतराचा खांदा लागतो आणि लागलाच पाहिजे, मध्ये फट ठेवायची नाही. इमाम जन्मानं ठरत नाही. पहिली अजान दिली ती बिलालनं, गुलामीतून सुटलेल्या हबशानं. हे सगळं खरं आहे. माझा आजा दिवसातून पाच वेळा माणूस व्हायचा, हे मी कधीच विसरणार नाही. म्हणून कुणी 'धर्म म्हणजे निव्वळ अफू' म्हटलं की मी गप्प बसतो, पण मान हलवत नाही.

पण मशिदीच्या पायऱ्या उतरून चपला घातल्या की सफ संपली. लग्न आलं की 'कुफू' निघतो. कुफू म्हणजे बरोबरीचं घर. हनफी फकिहांनी बरोबरी मोजताना खानदान धरलं, धंदाही धरला. म्हणजे अल्लाहसमोर खांद्याला खांदा आणि काजीसमोर बिरादरी! अली अन्वर यांनी बिहार पालथा घालून २००१ मध्ये 'मसावात की जंग' लिहिलं. त्यात मुसलमानांची वेगवेगळी कबरस्तानं नोंदवलीत. मेल्यावरसुद्धा सफ लागत नाही. बाबासाहेबांनी तर पाकिस्तानवरच्या ग्रंथात १९०१ च्या बंगालच्या खानेसुमारीचा दाखला देऊन हेच मांडलं होतं. अश्रफ वर, अजलाफ खाली आणि सगळ्यात तळाला अर्जल, ज्यांना मशिदीतही मज्जाव. २००६ च्या सच्चर समितीनंही हेच तीन थर सांगितले. शंभर वर्षांत शब्दसुद्धा बदलले नाहीत.

आता सरकारकडे येतो. १० ऑगस्ट १९५० ला राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश निघाला. त्याचा तिसरा परिच्छेद पाठ करून ठेवा. अमुक धर्माचा नसेल तो अनुसूचित जातीचा नाही, असं त्यात आहे. आधी फक्त हिंदू. शिखांतल्या काही जाती तेवढ्या घेतल्या होत्या. १९५६ मध्ये सगळे शीख दलित घेतले. १९९० मध्ये बौद्ध घेतले. मुसलमान आणि ख्रिस्ती बाहेरच. म्हणजे माणसानं मैला उचलला की नाही हे विचारायचं नाही, संध्याकाळी तो कुणापुढे वाकतो ते विचारायचं! आणि हे राज्य म्हणे धर्मनिरपेक्ष.

आदिवासींच्या यादीला ही अट नाही. जळगावकडचा तडवी भिल्ल कलमा पढतो, रोजे ठेवतो आणि अनुसूचित जमातीचा दाखला घेतो. घ्यायलाच हवा. आपल्या महाराष्ट्राच्या विमुक्तांच्या यादीत मुसलमान छप्परबंद आहे. तिथं धर्म आडवा येत नाही. मग मेहतराच्याच दाखल्यावर अल्लाह का आडवा येतो?

मद्रासच्या रस्त्याकडेला चपला शिवणारा सूसाई हा ख्रिस्ती झालेला आदिद्रविड. दलित चांभारांना सरकारी टपऱ्या मिळाल्या, याला मिळाली नाही. तो सुप्रीम कोर्टात गेला. १९८५ मध्ये कोर्ट म्हणालं, नव्या धर्मातही तुझे हाल तितकेच आहेत याचा पुरावा आण. चांभारानं पुरावा आणायचा! आणि पाचच वर्षांनी बौद्धांसाठी दुरुस्ती करताना सरकारनंच कारण दिलं की, धर्म बदलल्यानं माणसाची सामाजिक-आर्थिक स्थिती बदलत नाही. एका सरकारची ही दोन तोंडं.

२००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगानं सांगितलं, अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून सोडवा. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं कोर्टात प्रतिज्ञापत्र देऊन तो अहवाल सदोष ठरवला. वर म्हणालं, इस्लाम आणि ख्रिस्ती धर्मात अस्पृश्यता नाहीच. त्याच साली बालकृष्णन आयोग नेमून मोकळं झालं. पुढच्या वर्षी, २०२३ च्या जूनमध्ये, पंतप्रधान भोपाळला पसमांदा मुसलमानांच्या दुःखाबद्दल बोलले. पसमांदा म्हणजे मागे राहिलेले. अश्रू भाषणात, नकार कोर्टात.

आणि आमचे मौलाना काय म्हणतात? इस्लाममध्ये जात नाही, आरक्षण मागून दीनाची बदनामी करू नका. ऐकलंत? सरकारचा वकील आणि मौलाना, दोघांचं वाक्य एकच. हे दोघे दुसऱ्या कुठल्याच गोष्टीवर एकमत होत नाहीत. १९८५ मध्ये शाहबानोला पोटगी मंजूर झाली तेव्हा 'इस्लाम खतरे में' म्हणून हजारो रस्त्यावर उतरवले आणि १९८६ मध्ये कायदा फिरवून घेतला. गटारात गुदमरून मेलेल्या हलालखोरासाठी असला मोर्चा मी तरी पाहिलेला नाही. इस्लाम पोटगीनं खतऱ्यात येतो, गटारानं येत नाही.

काही पोरं म्हणतील, ओबीसीत आहात ना? काही ठिकाणी आहोत. त्यासाठी शब्बीर अन्सारींनी जालन्यातून उभी केलेली चळवळ आम्ही विसरत नाही, दिलीपकुमार तिच्या सभांना यायचे. पण ओबीसीच्या दाखल्यावर राखीव मतदारसंघ नाही. आणि १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा नाही. मला भर चौकात जातीवरून शिवी दिली तर ठाण्यात ती शिवीच धरत नाहीत. तुझी जात यादीत नाही म्हणतात. शिवी देणाऱ्याला माझी जात बरोबर कळते.

यावर एक उपाय आहे, तोही सांगतो. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं केरळच्या एका खटल्यात मान्य केलं, की ख्रिस्ती झालेल्याचा वंशज परत हिंदू झाला आणि जातीनं त्याला स्वीकारलं तर दाखला मिळू शकतो. म्हणजे मी उद्या घरी परतलो तर अस्पृश्य म्हणून माझं स्वागत! नमाज सोडायची किंमत एक दाखला. याला कुणी आमिष म्हणत नाही.

आता तुमच्या मनातलं बोलतो. वाटेकरी वाढतील. महाराष्ट्रात तेरा टक्के, त्यातून आम्हांला काय द्यायचं? ही भीती खोटी नाही, तिला मी हसणार नाही. पण पन्नास टक्क्यांची भिंत आपल्यासाठी १९९२ पासून दगडी आहे आणि २०१९ मध्ये सवर्ण गरिबांना दहा टक्के देताना ती कागदाची निघाली. २०२२ मध्ये कोर्टानंही मान्य केलं. तेव्हा आमचा वाटा तुमच्या ताटातला मागत नाही, ताट मोठं करा म्हणतो. १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतल्यापासून केंद्रात हक्क मिळेपर्यंत तुमची चौतीस वर्षं गेली. धर्म बदलला म्हणून हक्क काढून घेणं काय असतं हे तुमच्या बापांना विचारा.

दुपारी ठराव आहेत. तिसरा परिच्छेद रद्द करा, आणि त्याचबरोबर टक्का वाढवा, हे एकाच ठरावात एकाच वाक्यात लिहा. दोन ठराव केलेत तर सरकार त्यातला सोयीचा एक उचलील आणि एका हाडकावर आपल्याला झुंजवत ठेवील. मसुदा मी लिहून आणलाय, भाषा कच्ची आहे, दुरुस्त करा. आता विचारा काय विचारायचं ते.